‘या वेताचं पिल्लू तुम्हाला नाही’: एका कारवान कुत्रीच्या घराचं प्रकरण

पुण्यातल्या एका कुटुंबानं लातूर जिल्ह्यातल्या एका ब्रीडरकडे कारवान या देशी शिकारी कुत्र्याच्या जातीचं पिल्लू मागितलं आणि ब्रीडरनं ते द्यायला नकार दिला. काही महिन्यांनी त्याच ब्रीडरकडची दीड वर्षाची कुत्री त्याच कुटुंबात आली आणि आज ती तिथंच आहे. पशुवैद्य म्हणून मी या व्यवहारात सुरुवातीपासून होते आणि दोन्ही बाजूंशी बोलत होते. दोघांच्या संमतीनं हे लिहिते आहे, नावं आणि गाव मात्र वगळलं आहे.

पिल्लू घ्यायला निघालेली माणसं माझ्याकडे आली की किंमत, कागद, रंग, आई-बापाचे फोटो यांबद्दल विचारतात. मी त्यांना एकच गोष्ट तपासायला सांगते: समोरचा माणूस तुम्हाला नाही म्हणू शकतो का? ज्याला नाही म्हणता येत नाही, तो पिल्लू कुणालाही देतो, आणि कुणालाही देणारा ते परत घेत नाही. हे प्रकरण लिहिण्याजोगं वाटलं, कारण इथं नकार दोन्ही बाजूंनी झाले आणि त्या नकारांनीच व्यवहार नीट झाला.

कुटुंब

नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आजी. बाणेरच्या बाजूला सोसायटीत सातव्या मजल्यावर फ्लॅट. नवरा आयटीत, आठवड्यातले निम्मे दिवस घरून काम. बायको शिक्षिका, माहेर उदगीरचं. लहानपणी वडिलांच्या शेतावर कारवान होते, त्यामुळे तिच्या मनात दुसरी जातच नव्हती. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांचा विषय काढल्यापासून मुधोळ आणि कारवानची चौकशी करणारे शहरी लोक माझ्याकडे वाढले आहेत. त्यातल्या अनेकांनी हे कुत्रं फक्त व्हिडिओत पळताना पाहिलेलं असतं. या बाईंनी ते अंगणात पाहिलं होतं, हा मोठा फरक होता.

तरीही मी त्यांना आधी धोक्याची बाजू सांगितली. हे कुत्रं नाकानं कमी आणि डोळ्यानं जास्त शिकार करतं. लांबवर काही हललं की ते सुटतं, आणि एकदा सुटलं की हाक ऐकू जात नाही. अनोळखी माणसानं अंगाला हात लावलेला त्याला रुचत नाही. घरातल्यांशी एकनिष्ठ, पण लॅब्राडॉरसारखं सगळ्यांच्या गळ्यात पडणारं नाही. कागदांचाही घोळ आहे: केनेल क्लब ऑफ इंडिया याची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. गावाकडच्या बहुतेक पिल्लांना यातला कुठलाच कागद नसतो.

जाहिरात

त्यांनी आधी ऑनलाइन जाहिरातीवरच्या एकाशी बोलणं केलं होतं. पस्तीस दिवसांचं पिल्लू, सोलापूर हायवेवरच्या ढाब्यापाशी ताब्यात देणार, निम्मी रक्कम आधी फोनवरून पाठवायची. आई बघायला मिळेल का, तर ती ‘दुसऱ्या फार्मवर’. त्या माणसानं कुटुंबाला विचारलेला एकमेव प्रश्न होता, नर की मादी.

हे प्रकरण मी तिथंच थांबवलं. कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीसाठीचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई करतात, आणि त्यामागं ठोस कारण आहे. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून जग शिकायला लागतं. आई आणि भावंडांबरोबर खेळताना किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो, हे त्याला पाचव्या ते आठव्या आठवड्यात कळतं. पस्तिसाव्या दिवशी उचललेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो आणि पुढं तो घरातल्या मुलांच्या हातापायांवर गिरवला जातो. शिवाय पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची लक्षणं संसर्गानंतर साधारण ३ ते ७ दिवसांत दिसतात. ढाब्यावर उड्या मारणारं पिल्लू आठवड्याच्या आत माझ्या टेबलावर रक्ताची हगवण घेऊन येतं, आणि तोवर विकणाऱ्याचा फोन बंद झालेला असतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की अशा व्यवहाराबद्दल सबुरीनं बोलणं मला जमत नाही.

मामांचे प्रश्न

दुसरं नाव बाईंच्या उदगीरच्या भावानं सुचवलं. अहमदपूर-चाकूर पट्ट्यातले एक शेतकरी, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच लिहिते. त्यांच्या घरात कारवान वडिलांच्या काळापासून. वर्षाला एखादं वेत, कधी तेही नाही.

पहिल्या फोनवर मामांनी एकही फोटो पाठवला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. बाईंनी ते वहीत टिपून मला दाखवले:

“आधीचं कुत्रं कशानं गेलं?”

“म्हातारी काठी टेकते का?”

“दाराला आतून कडी हाय का? लेकरू दार उघडं टाकतंय का?”

“सोसायटीतलं मांजर धरलं तर काय करणार?”

“दिवाळीला गावी जाता तवा ते कुणापाशी ऱ्हाईल?”

हे प्रश्न मी नंतर इतर ब्रीडरांनाही सांगितले, कारण यातला एकही पोकळ नाही. पहिला प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. या कुटुंबाचं आधीचं पॉमेरेनियन चौदाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजारानं गेलं होतं. मामांनी पुढं विचारलं, औषध किती महिने चाललं, सलाइन कोण लावायचं, शेवटी कुठं होतं. माणूस कुत्र्याचं म्हातारपण कसं निभावतो, हे त्याच्या मागच्या कुत्र्याच्या शेवटावरून जितकं कळतं तितकं पगाराच्या आकड्यावरून कळत नाही. दिवाळीचा प्रश्नही तसाच. मामांच्या मते कुत्र्याची खरी परवड सणासुदीलाच होते, आणि बोर्डिंगमधली जागा दोन महिने आधी धरणाऱ्या लोकांच्या रांगा बघितल्या की ते मला पटतं.

आगाऊ रक्कम त्यांनी घेतली नाही. “आधी या, बगा, मग बोलू.”

भेट

सगळे गेले, आजीसुद्धा. लातूरला माझं काम होतं, म्हणून मीही तिथून पोचले. जाळीचं मोठं कुंपण, कडुनिंबाची सावली, सकाळ-संध्याकाळ कुत्री मोकळी सोडायची पद्धत. पिल्लं सात आठवड्यांची, डोळे स्वच्छ, पोटं फुगलेली नाहीत. जंताचं औषध दोन आठवड्यांपासून दर पंधरवड्याला दिलेलं, पहिली लस झालेली, बाटलीवरची लेबलं वहीत चिकटवलेली. आई हाडकुळी दिसते म्हणून नवरा कुजबुजला. शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची हाडं दिसणं या जातीत निरोगीपणाचं लक्षण आहे; उपाशी कुत्र्याची पाठ आणि मांड्या खपाटीला जातात, हिच्या मांड्या भरलेल्या होत्या. आहारात ज्वारीची भाकरी आणि ताक जास्त होतं. अंडी वाढवा असं मी सांगितलं आणि मामांनी ऐकलं.

आई-पिल्लांपेक्षा मी एका बारा वर्षांच्या कुत्रीकडे जास्त वेळ दिला. ती पिल्लांची पणजी. थोडी मंद चालत होती, पण हृदयाचे ठोके नीट होते आणि डोळ्यांत वयाप्रमाणे आलेल्या धूसरपणापलीकडे काही नव्हतं. हिप आणि कोपराचे एक्स-रे, डोळ्यांच्या आजारांच्या डीएनए चाचण्या अशी जी ठरलेली यादी लॅब्राडॉरसाठी आहे, तशी तयार यादी कारवानसाठी हाताशी नाही. अशा वेळी घराण्यातलं म्हातारं कुत्रं हाच सगळ्यात भरवशाचा दाखला. ज्याच्याकडे फक्त तरुण कुत्री आहेत, त्याला मी विचारते, म्हातारी कुठं गेली?

मुलगी जमिनीवर बसली. सगळ्यात दांडगा नर तिच्या बुटाची लेस ओढत राहिला, आणि अर्ध्या तासात कुटुंबानं मनातल्या मनात त्याचं नाव ठेवून टाकलं. मामा हे लांबून बघत होते. ते आमच्याकडे कमी आणि आजीकडे जास्त बघत होते, हे माझ्या लक्षात आलं. आजीला खुर्चीतून उठायला दोन प्रयत्न लागत होते.

चहा झाल्यावर ते बोलले. “ताई, राग मानू नका. ह्या वेताचं पिल्लू तुमाला न्हाई. वर्साचं होईस्तोवर हे घरभर उधळतंय. म्हातारीच्या पायात आलं आन् खुब्याचं हाड गेलं, तर तुमी कुनाला बाजूला करनार? कुत्र्यालाच करनार, आन् ते बराबरच हाय. म्हनून आधीच न्हाई म्हनतो.”

नवऱ्यानं किंमत वाढवून देतो म्हटलं. मामा म्हणाले, “दाजी, पैशाचं न्हाई ते,” आणि विषय संपवला. तो दांडगा नर एका मेंढपाळाला आधीच सांगितलेला होता.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. नवऱ्याला तो अपमान वाटला होता. मला मामांचं एक कारण पूर्ण पटलं, एक नाही. आजीबद्दल ते शंभर टक्के बरोबर होते. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटात हे कुत्रं नको, हे त्यांचं दुसरं कारण मी तिथंच खोडून काढलं होतं: मोठं झालेलं कारवान घरात दिवसातला बहुतेक वेळ झोपून काढतं, फ्लॅट हा त्याचा शत्रू नाही. रोज सुरक्षित जागी मोकळं धावायला मिळणं ही खरी अट आहे, आणि ती अट या कुटुंबाकडे त्या दिवशी पूर्ण नव्हती. मामांनी एवढं मान्य केलं.

वही

नकारानंतर बहुतेक लोक निघून जातात. बाई निघाल्या नव्हत्या. गाडीत बसण्याआधी त्यांनी मामांना विचारलं होतं, पुढचं वेत कधी आणि बाप कोण? मामांनी वही उघडली. माजाची तारीख, मेटिंगची तारीख, त्यानंतर त्रेसष्ट दिवसांच्या आसपास व्यायल्याची नोंद, जन्मलेली पिल्लं, मेलेली पिल्लं, कुणाला दिली. मेलेली पिल्लं लिहून ठेवणारा ब्रीडर मला क्वचित भेटतो.

पण त्याच वहीत पुढच्या मेटिंगसाठी ठरवलेला नर त्या कुत्रीचा आजोबा निघाला. “रगत टिकवायला,” असं मामांचं म्हणणं. त्यांचा तो नर पट्ट्यात प्रसिद्ध होता, पळण्यात त्याला तोड नव्हती. मी आकडा मांडून दाखवला. आजोबा-नातीच्या पिल्लांमध्ये अंतःप्रजननाचं, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं, प्रमाण साडेबारा टक्के येतं, बाप-लेकीत पंचवीस, आणि मागच्या पिढ्यांत आधीच नातं असेल तर त्याहून वर. वेगाचे गुण टिकतात तसे लपलेले दोषही जोडीनं एकत्र येतात, वेतं लहान होतात, पिल्लं दगावतात. मामांनी वहीतली शेवटची तीन वेतं पुन्हा वाचली. दर वेताला पिल्लं कमी होत गेलेली त्यांनीच लिहून ठेवली होती.

बाई तेव्हा म्हणाल्या, “मामा, त्या जोडीचं पिल्लू तुम्ही दिलंत तरी मी घेणार नाही.” हा दुसरा नकार. माझ्या दृष्टीनं या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे. घेणाऱ्यानं असं स्पष्ट सांगितल्याशिवाय देणाऱ्याची पद्धत बदलत नाही, कारण पशुवैद्याचं म्हणणं हा सल्ला असतो आणि घेणाऱ्याचं म्हणणं हे गिऱ्हाईक जाणं असतं. मी कर्नाटकातल्या मुधोळजवळच्या तिम्मापूरचं श्वान संशोधन केंद्र सुचवलं, तिथं नोंदी ठेवून पैदास होते. मामांनी शेवटी सोलापूर जिल्ह्यातल्या ओळखीच्याकडचा, नात्यात नसलेला नर निवडला.

आणखी एक गोष्ट राहिली होती. २०१७ च्या नियमांनुसार पिल्लं विकणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. अठरा महिन्यांच्या आतल्या आणि आठ वर्षांवरच्या कुत्रीला व्यायला लावायचं नाही, वर्षात एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत, आणि पिल्लाला मायक्रोचिप हवी. वयाचे आणि वेतांचे नियम मामा आपसूक पाळत होते. नोंदणी त्यांच्याकडे नव्हती, असं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. माणूस चांगला आहे म्हणून कायद्याकडे काणाडोळा करावा, असं मला वाटत नाही. तसं केलं तर ढाब्यावरच्या माणसाला आपण कुठल्या तोंडानं बोलणार? पुढचं पिल्लू विकण्याआधी अर्ज करायचा, असं ठरलं. कागद भरायला बाईंनीच मदत केली. ज्या माणसानं त्यांना पिल्लू नाकारलं, त्याच्यासाठी त्यांनी हे केलं, हे मला इथं नोंदवावंसं वाटतं.

परत आलेली कुत्री

पावसाळा संपता संपता मामांचा फोन आला. आधीच्या एका वेतातली कुत्री लातूर शहरातून परत आली होती. मालकाची बदली परराज्यात झाली, नवीन घरमालकाला कुत्रं चालेना. मामांची प्रत्येकाला अट असते: ठेवता आलं नाही तर मला परत, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. मालकानं ती पाळली. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरी गेलेला ओबामा कुटुंबाचा ‘बो’ही आधीच्या घरातून ब्रीडरकडे परत आलेला होता. परत आलेलं कुत्रं वाईटच असणार, हा समज त्यानंतरही गेलेला नाही.

ही कुत्री दीड वर्षाची, घरात शी-शू न करणारी, आणि मुख्य म्हणजे त्या घरातल्या वयस्कर आजोबांबरोबर राहिलेली. मामांनी सांगितलं, पंधरा दिवस न्या, पैसे नकोत, जमलं नाही तर मी येऊन घेऊन जातो.

पंधरा दिवसांत जमलं नाही. लिफ्टमध्ये ती थरथरायची, पहिले काही दिवस जेवण रात्री सगळे झोपल्यावर. काठीचा आवाज झाला की उठून खोली बदलायची. मुदत महिन्यापर्यंत वाढवली. आजीच्या काठीला रबरी टोपण बसवलं, आजीच्या खोलीला लहान मुलांसाठी असतं तसं फाटक लावलं. मुळशीकडे नातेवाइकांचा कुंपण घातलेला एक प्लॉट होता, तिथं शनिवार-रविवार धावणं, आणि रोज संध्याकाळी जवळच्या शाळेच्या बंद मैदानात परवानगी काढून अर्धा तास. सोसायटीच्या कमिटीनं ‘मोठ्या कुत्र्याला’ हरकत घेतली. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, अशा भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्या आणि महापालिकेचा परवाना दाखवल्यावर तो विषय मिटला.

तिसऱ्या आठवड्यात पार्किंगमध्ये मांजर दिसलं आणि कुत्रीनं गळपट्ट्यातून डोकं काढून घेतलं. या जातीचं डोकं मानेपेक्षा अरुंद, साधा पट्टा मागं ओढलं की निसटतो. मांजर गाडीखाली वाचलं, कुत्री अर्ध्या तासानं पोडियमवर सापडली. त्याच संध्याकाळी नवऱ्यानं मामांना फोन करून सगळं सांगितलं. पिल्लू न मिळाल्यानं रुसलेला हाच माणूस. मी इतर ब्रीडरांना म्हणते, घेणाऱ्याची परीक्षा इथं असते: वाईट बातमी तो स्वतःहून कळवतो का. जो फक्त वाढदिवसाचे फोटो पाठवतो, त्याच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. मामा रागावले नाहीत. गावाकडे वापरतात तो रुंद चामडी पट्टा त्यांनी बसनं पाठवला, मी ओढल्यावर आवळणारा मार्टिंगेल पट्टा आणि त्याला जोडून हार्नेस सांगितला. दोन्हीला एकेक दोरी, तेव्हापासून ती निसटलेली नाही.

महिन्याअखेरीस आजीनंच सांगितलं, आता राहू द्या.

नसबंदी मी केली. याबद्दल थोडं लिहिते, कारण हे मालकांना सहसा कुणी सांगत नाही. अंगावर चरबी कमी असलेल्या शिकारी हाउंडना थायोपेंटोनसारखी भूल देऊ नये. ग्रेहाउंडवर झालेल्या अभ्यासातून कळलं आहे की त्यांचं यकृत ती फार हळू पचवतं आणि कुत्रं तासन् तास शुद्धीवर येत नाही. कारवानलाही मी हीच काळजी लागू करते. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाणही इतर कुत्र्यांपेक्षा वर असतं, त्यामुळे अशा कुत्र्याचा रिपोर्ट बघून कुणी आजार ठरवला तर दुसऱ्यांदा विचारा.

कागद

करार वहीच्या कागदावर झाला, दोघांच्या सह्या आणि साक्षीदार मी. ठेवता आलं नाही तर मामांना परत, विकायचं किंवा परस्पर द्यायचं नाही. सशाच्या शिकारीला न्यायचं नाही. तो वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि आपल्या पट्ट्यात आजही होतो, हे मामांनी स्वतःहून लिहायला लावलं. मामांच्या बाजूनं: घराण्यातल्या कुठल्याही कुत्र्यात हृदयाचा, डोळ्यांचा किंवा झटक्यांचा आजार निघाला तर वर्षभरात या कुटुंबाला कळवायचं. हे कलम बाईंनी घातलं. आजवर मी पाहिलेल्या ब्रीडरांच्या कागदांत ते नव्हतं, आता मी ते सगळ्यांना सुचवते.

एक प्रश्न उरला होता, आणि तो नवऱ्यानं काढला. मामा साठीच्या पुढचे, त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला कुत्र्यांत रस नाही. परत घेण्याचा शब्द मामांच्या पश्चात कोण पाळणार? ब्रीडर एकटा असेल तर त्याची हमी त्याच्याबरोबर संपते, आणि गावाकडच्या जवळजवळ सगळ्या चांगल्या ब्रीडरांचं हेच आहे. मामांनी विचार करायला वेळ घेतला. शेवटी बाईंच्या उदगीरच्या भावाचं नाव पुढं आलं. मामांनी त्याला बोलावून घेतलं, पहिल्या फोनवरचे तेच प्रश्न त्यालाही विचारले, आणि शेताला जाळी लागेपर्यंत त्याचं नाव कागदात घालायचं नाही असं सांगितलं. जाळीचं काम या उन्हाळ्यात करायचं ठरलं आहे.